गच्चताई आणि उत्तरेची वस्ती

ब्रेडच्या कारखान्यात तिला सगळे गच्चताई म्हणतात. गेली बावीस वर्षं ती तिथे माल रवाना करण्याचं काम करते. सकाळी सहाला चौदा टेम्पो मागच्या फाटकाशी पाठ करून उभे असतात. ही हातात फळी, फळीला चिमट्याने लावलेला कागद आणि कानामागे पेन्सिल अशा थाटात एकेका टेम्पोत डोकावत फिरते. "झाली का गच्च?" हा तिचा ठरलेला प्रश्न. ड्रायव्हरने "झाली हो ताई" म्हटलं तरी ती वाकून आत बघणार, आणि बघितल्यावर म्हणणार, "हे काय? इथे अजून दोन क्रेट मावतात की! हवा विकायला नेतोस का?" अर्धी गाडी फाटकाबाहेर पडताना दिसली की तिला दिवसभर चुटपुट लागते. हे ती स्वतःच सांगते.

पाचवीत ती माझ्या वर्गात होती, मी तिची शिक्षिका. सहलीच्या बसमध्ये मुलींची मोजणी झाल्यावर ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, दोन जागा रिकाम्या आहेत. सहावीतल्या दोघींना बोलावू का? जागा वाया चालल्यात." सहलीला जायच्या आनंदात एवढं कोणाच्या डोक्यात येतं! ती लहानपणापासून अशीच आहे. जागा फुकट जाऊ द्यायची नाही, फेरी फुकट जाऊ द्यायची नाही. बाजारात जायचं तर पाच कामं साठेपर्यंत ती निघत नाही.

आता ती माझ्या समोरच्या घरात राहते. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तिसरी त्या घरात तिची नणंद. वय छत्तीस, पण घरात तिला छोटीच म्हणतात. छोटी एका कचेरीत नकाशे काढायची. फार सुबक काम. गेल्या वर्षी एका दुपारी ती अर्ध्या दिवसाने घरी आली, खोलीत गेली, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, आणि मग कचेरीत गेलीच नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "काही नाही, दमलेय." डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. भावाने तिच्या दाराची आतली कडी काढून टाकली. कडीचे चार स्क्रू त्याने खिशात घातले आणि तो बराच वेळ स्वयंपाकघरात नळ सोडून हात धूत राहिला, असं गच्चताईने मला सांगितलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "कशात मन रमत असेल तर रमू द्या." ते रमलं एका कॉम्प्युटरच्या खेळात.

खेळ असा. बर्फाचं एक बेट, तिथे उतरलेली थोडी माणसं, त्यांची वसाहत उभी करायची. झाडं तोडा, घरं बांधा, बटाटे लावा, आणि जिथे जे लागेल तिथे ते वेळेवर पोचवा. त्यात लढाई नाही. शत्रू एकच, थंडी. छोटीने सुरुवातीलाच एक सोय बंद करून टाकली होती, मागे जाऊन चूक पुसण्याची. "मेलं माणूस तर मेलं," ती म्हणाली होती. गच्चताईला ते वाक्य आवडलं नव्हतं.

पण वसाहत वाढली तसे छोटीचे हाल व्हायला लागले. बटाटे एकीकडे सडतात, दुसरीकडे लोक उपाशी. लाकूड डोंगरावर, सुतार नदीवर. एका दुपारी गच्चताई कामावरून आली, पदराने घाम पुसत तिच्या मागे उभी राहिली आणि पाचच मिनिटांत म्हणाली, "अगं, तुझ्या गाड्या येताना रिकाम्या येतात!"

"मग काय करू?"

"सरक तिकडे."

त्या दिवसापासून दोघींची वाटणी झाली. रोज वसाहतीचा एकच दिवस पुढे न्यायचा, घाई नाही. सकाळ छोटीची, दुपार वहिनीची. माणसं छोटीकडे. कोणी काय काम करायचं, कोणी कुठे राहायचं, हे ती बघणार. गाड्या वहिनीकडे.

"माझ्या गाड्यांना हात लावायचा नाही हं," गच्चताईने बजावलं.

"आणि तू माझ्या माणसांवर ओरडायचं नाही," छोटी म्हणाली. तिने प्रत्येकाला नाव ठेवलं होतं. शिंपीण, लांबटांग्या, पणजी, खोकल्या. खोकल्या बोटीतून उतरला तेव्हापासून खोकत होता.

नवरा म्हणायचा, "घरात दोघी आणि बेटावर एक्केचाळीस. एवढ्यांचं जेवण बघतात, मला मात्र कोणी वाढत नाही!" पण त्याचा चेहरा हसरा असायचा. छोटी सकाळी अंथरुणातून उठत होती, एवढं त्याला पुरे होतं.

मी दुपारी चहाच्या निमित्ताने जायची आणि बघत बसायची. नदीकाठी मुख्य वस्ती, तिथे कोळशाची भट्टी. उत्तरेला, सकाळी निघून दुपारपर्यंत पायी परत येता येईल एवढ्या वाटेवर, लोखंडाची खाण आणि तिथे सतरा माणसं. उत्तरेला झाडाचं पानसुद्धा नाही. तिथली शेगडी पेटायची ती नदीकाठहून जाणाऱ्या कोळशावर. त्यासाठी गच्चताईने बर्फावरून चालणारी मोठी गाडी घेतली होती. तिच्यात चाळीस पोती मावतात. गाडीला तिने हुकूम देऊन ठेवला होता, पूर्ण भरल्याशिवाय निघायचं नाही. गाडी भरून निघाली की यादीत तिच्यापुढे हिरव्या अक्षरांत शंभर टक्के असं उमटायचं. "बघा बाई, शंभर टक्के! आमच्या कारखान्यात कधी झालं नाही ते इथे होतंय." इतकी खुशीत मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

मग बेटावर कडक थंडी सुरू झाली, आणि पोती नाहीशी व्हायला लागली.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपलीच नजर चुकली. संध्याकाळी खेळ थांबवला तेव्हा गाडीत अडतीस पोती होती. दुसऱ्या दुपारी उघडला तर बत्तीस. भट्टीतून दिवसभरात पाच आली, झाली सदतीस. तिसऱ्या दुपारी एकतीस. तिने कागद घेतला आणि लिहायला लागली.

"बाई, पोती जातात कुठे?" तिने मला विचारलं.

"खेळात बिघाड असेल."

"बिघाड झाला तर कधी चार जातील, कधी नऊ. ही रोज सहा जातात. मोजून सहा. म्हणजे कोणीतरी काढतंय."

"मग छोटीला विचार की."

ती कपातला चहा हलवत राहिली, साखर केव्हाच विरघळली होती. मग दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, वस्तू देऊन टाकायला लागली, आवराआवर करायला लागली, तर लक्ष ठेवा. तिने त्या माणसांना जीव लावलाय. आता रोज सकाळी तीच थोडं थोडं मोडून टाकत असेल तर? तर तिच्या मनात काय चाललंय?"

मी म्हणायला हवं होतं की खेळातल्या पोत्यांवरून एवढं ओढून ताणून कशाला. पण दोनच दिवसांपूर्वी छोटीने मला तिच्या नकाशाच्या पेनांचा डबा दिला होता. "तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही वापरा," म्हणाली होती. मी आनंदाने घेऊन आले होते, या म्हातारीला एवढंही कळू नये! मी ते गच्चताईला सांगितलं. सांगणं भाग होतं. तिने कप खाली ठेवला, तो बशीच्या कडेवर पडला आणि चहा टेबलभर झाला.

त्यानंतर तिचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. कामावर जाताना, आल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर ती छोटीच्या दाराशी उभी राहायची. आत श्वासाचा आवाज येतो का, कूस बदलल्याचा आवाज येतो का, ऐकायची. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "तिच्याशी बोला, सरळ विचारा." पण विचारायला तिची जीभ रेटेना. "मी विचारलं आणि ती हो म्हणाली तर?" ती मला म्हणाली. नवऱ्यालाही तिने सांगितलं नाही. तो दिवसभर उंच इमारतींच्या लिफ्टच्या पोकळीत लोंबकळत असतो, त्याचं लक्ष उडायला नको म्हणून. पोती मात्र ती रोज लिहीत होती. छत्तीस, पस्तीस, चौतीस. गाडी जागची हलत नव्हती.

आठव्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला गेले तेव्हा दार उघडंच होतं. गच्चताई नुकतीच आली होती, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. टेबलावर छोटीचं ताट झाकलेलं, तसंच्या तसं. कॉम्प्युटर चालू, खेळ मध्येच थांबवलेला. छोटी असं कधी करत नसे. तिची सकाळ ती पूर्ण करून उठायची. खोलीचं दार लोटलेलं.

"छोटे, जेवली नाहीस?"

उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. मग आतून "हं" एवढंच आलं. गच्चताईने डोळे मिटले आणि खुर्चीची पाठ धरली. मग ती खुर्चीत बसली, आणि बसल्या बसल्या पडद्यावर तिची नजर गेली.

"बाई, हे बघा."

नदीकाठ आणि उत्तरेची वस्ती यांच्यामधल्या पांढऱ्या वाटेवर सहा माणसं होती. आजवर आम्ही तिथे गाडीशिवाय काही पाहिलं नव्हतं. पाच उभी, एक पडलेला. तिने एकावर बोट ठेवलं आणि माहिती उघडली. लांबटांग्या. पाठीवर एक पोतं कोळसा. दुसरी शिंपीण. एक पोतं कोळसा. तिसरी, चौथा, सगळ्यांच्या पाठीवर एकेक पोतं. पडलेला होता खोकल्या. श्वास चालू होता, पण अंगातल्या ताकदीचा आकडा तळाला गेला होता.

"सहा," ती म्हणाली. "रोज सहा. अगं बाई, ही पाठीवरून कोळसा पाठवत होती, आणि दुपारी मी बसायच्या आत माणसं परत!"

तिने उत्तरेची शेगडी उघडून पाहिली. कोळसा शून्य. सतरा माणसं एका खोलीत. मग तिने कानामागची पेन्सिल काढली आणि आपल्या कागदाच्या मागे भराभर हिशेब मांडला, तोंडाने बोलत. थंडी वाढल्यापासून भट्टीतून रोज पाचच पोती सुटतात. गाडी भरायला आठ दिवस. उत्तरेला रोज सहा पोती लागतात. म्हणजे चाळीस पोती सात दिवससुद्धा पुरत नाहीत.

"उत्तरेचं संपलं तेव्हा माझी गाडी अडतीसवर उभी होती. दोन पोत्यांसाठी! मीच तिला बसवून ठेवली. आणि ही सहा नेते म्हणून माझी गाडी भरत नाही, आणि गाडी भरत नाही म्हणून ही पुन्हा सहा नेते." ती माझ्याकडे वळली. "मी काय समजत होते बाई, आणि ही काय करत होती!"

पडद्याच्या कोपऱ्यात वादळाची खूण लुकलुकत होती. गाडीत सव्वीस पोती होती. मी तिला ओळखते म्हणून सांगते, त्या अर्ध्या-पाऊण गाडीवरचा हुकूम उठवताना तिचा हात खरोखर थबकला. मग तिने तो उठवला. वाटेत त्या सहांना उचलायचं आणि थेट उत्तर गाठायची असं सांगून गाडी सोडली. यादीत हिरव्याच्या जागी लाल अक्षरं उमटली. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

अर्धा तास आम्ही दोघी त्या ठिपक्याकडे बघत होतो. साठी उलटलेली मी, हातातला रुमाल पिळत होते. गाडी पोचायच्या आधीच खोकल्याच्या नावावर काळी रेघ आली. पाच जण गाडीत चढले. वादळ यायला आणि गाडी उत्तरेच्या फाटकात शिरायला एकच गाठ पडली. शेगडी पेटली.

गच्चताई उठली. "आता तिला सांगायला हवं. तिचा खोकल्या गेला. माझ्यामुळे गेला." तिचा रंग उडाला होता. "हे ऐकून तिने काही..." तिने वाक्य पुरं केलं नाही. ती दाराशी गेली. नेहमीसारखी उभी राहिली. मग पहिल्यांदाच तिने न विचारता दार ढकललं.

दार उघडं राहिलं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. मी उठून जायला हवं होतं, पण गेले नाही.

"छोटे."

"मला माहितीये. सगळे गेले ना?"

"कोण सगळे?"

"ते सहा. खोकल्या पडला. बाकीचे त्याच्यापाशी थांबून राहिले, पुढे जाईनात. मला बघवेना. मी मारलं त्यांना, वहिनी."

"अगं, पाच जण पोचले! शेगडीपाशी बसलेत."

खोलीत काही हललं. पलंग करकरला. "पोचले? कसे?"

"गाडी पाठवली. वाटेत उचललं."

"गाडी भरली होती?"

"सव्वीस पोती."

"आणि खोकल्या?"

"तो गेला गं. गाडी पोचायच्या आधी गेला. दोन पोत्यांसाठी गाडी अडवून मी..."

"तू एकटीने नाही. मी त्या दिवशी सहा नेली नसती तर दुसऱ्या दिवशी तुझी गाडी भरून निघाली असती. मला वाटलं, एक दिवस माणसं पाठवू, उद्या गाडी जाईलच."

"मग मला सांगायचंस ना! आठ दिवस मी वेड्यासारखी पोती मोजतेय."

"काय सांगू? या सगळ्या महिन्यांत तू एकदाच खूश दिसलीस. शंभर टक्के, शंभर टक्के करत होतीस. म्हटलं, एवढी एक गोष्ट तिची तिच्याकडे राहू दे."

गच्चताई रडत होती की नाक ओढत होती, बाहेरून कळत नव्हतं. मग छोटी म्हणाली, "आणि तू दाराशी उभी राहतेस ते बंद कर."

"मी कुठे..."

"वहिनी, तुझ्या चपला येताना वाजतात. मग दहा दहा मिनिटं वाजतच नाहीत."

"पेनं का दिलीस बाईंना?" गच्चताईने एकदम विचारलं. इतके दिवस अडलेला प्रश्न तिने दगड टाकावा तसा टाकला. "खरं सांग. तुझ्या मनात काही आहे का? काही करून घेण्याचं?"

बाहेर मी रुमाल तोंडावर धरला.

"कधीकधी येतं," छोटी म्हणाली. "आज सकाळी आलं होतं."

"आत्ता?"

"आत्ता भूक लागलीये बहुतेक. कळत नाही."

"मला भीती वाटते गं."

"मला पण वाटते. मग आत येऊन घाबर ना. बाहेर काय ठेवलंय?"

पलंग पुन्हा करकरला, या वेळी जड. मी झाकलेलं ताट गरम करून दाराशी नेलं. गच्चताईने बसल्या जागेवरून हात पुढे करून घेतलं. संध्याकाळी नवरा आल्यावर तिघं मिळून डॉक्टरांकडे गेली आणि छोटीने सकाळी मनात काय आलं होतं ते तिथे स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि दर दोन दिवसांनी यायला सांगितलं. वहिनीने रजा घ्यावी, असंही ते म्हणाले. छोटी म्हणाली, "नको. दादा घरी थांबेल उद्या. ही घरी राहिली तर मलाच भरून पाठवेल कुठेतरी."

पण दादा घरी होता तरी दुसऱ्या दिवशी गच्चताईचं कामात लक्ष नव्हतं. निघताना तिने दार उघडून "येते गं" म्हटलं होतं, आणि आतून उत्तर आलं नव्हतं. झोपली असेल, गोळीची गुंगी असेल, असं ती मनाला सांगत होती. सात वाजले, आठ वाजले. तिने घरी फोन केला; नवरा म्हणाला, "दार उघडं आहे, झोपलीये, मी इथेच बसलोय." तरी तिने तीन टेम्पो न बघताच सोडले. ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले.

साडेनऊला फोनवर छोटीचा निरोप आला. गच्चताईने तो मला दुपारी दाखवला, म्हणून शब्द मला आठवतात.

"गाडी परत आली. पाच पोती होती, तेवढीच घालून लगेच काढली. न विचारता. दुपारी आल्यावर ओरड."

"मग ओरडलीस का?" मी विचारलं.

"आधी जेवले तिच्याबरोबर," ती म्हणाली. "मग ओरडले थोडी."